वरचा कप्पा

चर्चच्या फाटकाशी येऊन पांडेली थबकला. भावाचं, लिगोरचं, घर दोनच गल्ल्या पुढं, पण साठीला टेकलेल्या या बाप्याचे पाय पुढं पडेनात. आईच्या मातीला तो ग्रीसमधल्या कामावरून गावी आला नव्हता. मालकाकडे सुटी मागायला जीभ रेटली नाही, एवढंच कारण. तेव्हा फोनवर लिगोर ओरडला होता, ‘‘आजपासून तू मला मेलास!’’ त्यानंतर दोघं बोलले नाहीत. आज माफी मागायची होती. पण आधी लिगोरच्या नावाची मेणबत्ती लावू, म्हणजे धीर येईल, असं त्यानं ठरवलं.

चर्चची किल्ली घेऊन ओलिंबी म्हातारी आली. शेजारीण, दोघा भावांना अंगाखांद्यावर खेळवलेली.

‘‘अगं बाई, पांडेली! वाट चुकलास की काय?’’

‘‘बोल, मावशी, बोल. तुझा हक्कच आहे.’’

‘‘अरे, लिगोर...’’

‘‘चिडलाय, ठाऊक आहे! शिव्या घालू दे, पायरीवर बसवू दे. आत घेईपर्यंत उठत नाही मी.’’

भीतीनं त्याची बडबड थांबेना. म्हातारीनं कुलूप काढलं.

आत भिंतीभर रंगवलेले संत. त्यांचे डोळे कुणीतरी केव्हाच खरवडून काढलेले. पांडेलीला आज तेच बरं वाटलं. त्यानं मेणबत्ती पेटवून मेणबत्त्यांच्या मांडणीतल्या वरच्या कप्प्यातल्या वाळूत रोवली. ‘‘लिगोरसाठी,’’ तो म्हणाला.

म्हातारीनं ती हलकेच उपटली आणि खालच्या कप्प्यात लावली.

‘‘मावशी, डोळे गेले की काय तुझे? वरचा कप्पा जिवंत माणसांचा ना?’’

‘‘डोळे शाबूत आहेत माझे.’’

पांडेलीनं मेणबत्ती पुन्हा वर न्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

‘‘बर्फ पडायच्या आधीच गेला,’’ ती म्हणाली. ‘‘निरोप धाडला होता रे. तू घर बदललं होतंस.’’

‘‘मी त्याला मेलोच होतो, मावशी. राग मनात धरूनच गेला तो.’’

म्हातारीनं खिशातून आणखी एक मेणबत्ती काढली, लिगोरच्या ज्योतीवर पेटवली आणि वरच्या वाळूत रोवली.

‘‘ही कुणाची?’’

‘‘तुझी. दर रविवारी लावायचा तो. आता मी लावते. वरच लाव, म्हणाला.’’