अल्वाचे शनिवार

आठ वर्षांच्या अल्वाचं पत्र तीन महिने माझ्या पुस्तकात खूण म्हणून पडून होतं. मी तूरे, तिचा दातांचा डॉक्टर, नुकताच निवृत्त झालेला.

"तूरे आजोबा, मी गोड गोळ्या फक्त शनिवारीच खाते, वर्गातल्या सगळ्यांसारखी. पण माझी नवी दाढ आली तीच भोक पडलेली. आई म्हणते, तू इतर दिवशीही चोरून खाल्ल्यास. आता शनिवारच्याही बंद! तुम्ही सांगा ना तिला."

उत्तराचे मी सात खर्डे केले. दर वेळी दवाखान्यातली माझी जुनी वही काढायचो, त्यातलं एक पान वाचायचो आणि खर्डा फाडून टाकायचो.

काल माझी बायको गुनवोर चिडलीच. "अरे, त्या पोरीचे बारा शनिवार कोरडे गेले आणि तू अजून शब्द शोधतोयस! लपवाछपवी केली असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण."

"लपवाछपवी झालीय," मी म्हणालो, "पण तिने नाही केली."

आज सकाळी बर्फ तुडवत गेलो आणि पाकीट पिवळ्या टपालपेटीत टाकलं. उद्यावर ढकललं असतं, तर तेरावा शनिवारही हुकला असता. आत पत्र नाही, अल्वाच्या आईच्या नावे वहीतलं ते दोन वर्षांपूर्वीचं पान आहे:



"अल्वा, वय सहा. दाढ अजून हिरडीखालीच, पण एक्स-रेत दाढेच्या आत काळी पोकळी दिसते. की मलाच भास होतोय? तूर्त आईला सांगायला नको."