कागदाचा गणपती

सोंड पुन्हा जाडच आली. संजनाने कागद ज्योतीच्या हातात कोंबला.

"बघ गो तूच. मला मेलीला डोळेच नाहीत."

"माका तरी खंय आसत?" शेजारची ज्योती हसली.

ते मात्र खरं. ज्योतीने काढलेली कळशी बघून अख्खा वर्ग पोट धरून हसायचा. पेडण्याच्या वाचनालयाच्या माडीवर दर बुधवारी हा चित्रकलेचा वर्ग भरे आणि यशवंत मास्तरांचा तिथे एकच कायदा होता. जोडीदाराचं चित्र घरी न्यायचं आणि पुढच्या बुधवारी त्याच्या मागे एक चूक लिहून आणायची. तोंडावर सगळेच गोड बोलतात, म्हणून लिहून.

आणि चूक काढावी तर ज्योतीने! 'आधी कपाळ काढ, सोंड त्यातून उतरू दे.' 'मनगट टेकू नको, खांद्यातून हात फिरव.' संजना आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रांवर तेवढंच गिरवी, आणि रेष खरंच वळणावर येई. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

संजनाला घाई होती ती गणेशचवथीची. तिच्या सासरी मातीची मूर्ती आणत नाहीत. कागदावर रंगवलेला गणपती पुजतात, दरवर्षी नवा, घरच्याच माणसाच्या हातचा. चाळीस वर्षं तो सासऱ्यांनी, कृष्णनाथ अण्णांनी काढला. चित्र झालं की चौरंगावर ठेवून वर कपडा घालायचा आणि चवथीच्या सकाळी पूजेलाच उघडायचं, अशी रीत.

गेल्या वर्षी कपडा काढला आणि साखळी गावचे व्याही गोकुळदास भर मंडळीत म्हणाले, "ही सोंड म्हणायची की माटोळीतलं पडवळ?"

सगळे हसले. अण्णाही हसले. पण वर टांगलेल्या फळांच्या माटोळीकडे बघत राहिले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यांचा हात थरथरतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं कुणी?

यंदा तर गोवा राज्य झाल्यानंतरची पहिली चवथ, सगळं गोत जमणार. पुन्हा कोणी हसलं तर म्हातारा खचेल, ही एकच धास्ती संजनाच्या पोटात होती. अण्णांवर तिची माया वडिलांसारखी. म्हणून तिने ठरवलं होतं, पूजेआधी गुपचूप चित्र बदलायचं. अण्णांचंच वाटेल असं हुबेहूब काढायचं. शिवणाचा वर्ग सांगून ती बुधवारी बाहेर पडे.

श्रावण लागला तसे अण्णा दुपारी देवघराचं दार लावून बसू लागले. बाहेर येत ते डोळे चोळत. सकाळी ज्योती जास्वंदी न्यायला आली की तिच्याशी दोन शब्द बोलत, तेवढाच त्यांचा विरंगुळा. बघून संजनाचा जीव तुटायचा.

शेवटच्या तीन बुधवारी ज्योतीचा शेरा एकच. 'कान सुपासारखे नकोत. मागे वळव.'

"अगो, झाले की आता!" संजना वैतागली.

"नाय झाले," ज्योती म्हणाली. मेली हटायला तयार नाही.

चवथीच्या पहाटे अण्णा विहिरीवर आंघोळीला गेले. ज्योतीच्या घरी बसून रंगवलेलं चित्र पंचात गुंडाळून संजना देवघरात शिरली. आपण त्यांची चाळीस वर्षांची सेवा चोरतोय असं तिला वाटलं, रडूच आलं. 'देवा, क्षमा कर' म्हणत तिने चौरंगावरचा कपडा उचलला.

खाली कोरा कागद होता.

"तुझा हाड मगे हडे."

संजना दचकून वळली. ओल्या पंचानिशी अण्णा दारात उभे होते, तुझं चित्र आण इकडे म्हणून हात पुढे करून. तिच्या हातातलं चित्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, उजेडाकडे धरलं आणि सोंडेवरून कानांपर्यंत नजर फिरवली. कागद थरथरत होता.

"बरे झाले हां आता कान," ते म्हणाले. "तीन बुधवार ज्योतीक ताच ता लिवूक सांगान मी थकलंय गो."