मधलं नाव

"दादा, चार दिवसांत कागद पोचायला पायजे. सही करा की," गहिनीनाथ तिसऱ्यांदा म्हणाला.

आसारामने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणात बसून तो विळ्याला धार लावत होता.

संगमनेरच्या कॉलेजात पोराचं पहिलंच वर्ष चाललं होतं. ते अर्धं होतंय न होतंय तोच त्यानं खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा दिली, मुलाखतही पार पाडली. जानेवारीत हजर व्हायचं आणि लष्करात अधिकारी व्हायचं शिक्षण घ्यायचं. सगळं जमून आलं होतं. घोडं अडलं होतं ते बापाच्या सहीपाशी. पोरगं सतराचं, तेव्हा पालकाची संमती लागणारच.

"आदी कालेज पुरं कर," आसाराम म्हणाला. "मग बघू."

"तवर वय निघून जाईल."

"जाऊ दे."

गोजरबाई चुलीपुढून उठून दारात आली. "करा की सही. एवढं नाव काढलंय लेकानं."

"लढाई संपून पंधरा दिस न्हाई झालं, गोजर. एकच पोरगं हाय आपल्याला."

ती परत चुलीपुढं जाऊन बसली. शेजारच्या गावात डिसेंबरच्या सुरुवातीलाच पोरगं लढाईत पडल्याची तार आली होती. त्या घरी ती बसायला जाऊन आली होती.

आसाराम तसा भित्राच, असं सोनईत सगळे धरून चालत. घरजावई होऊन गावात आला त्याला पंचवीस वर्षं झाली. घरचे सगळे पटकीत गेले म्हणून सांगायचा, आणि लग्नाला त्याच्याकडचं कुत्रंही आलं नव्हतं. गडी कष्टाला वाघ, पण कुठं तंटा दिसला की वाट बदलायचा. नगर इतकं जवळ, तरी बाजार असो की दवाखाना, हा दुसरीकडेच जाणार. "नगरचं पाणी बाधतं मला," म्हणायचा. पोराला कॉलेजासाठी लांब संगमनेरला घातलं तेही म्हणूनच. लोक हसायचे, त्यांच्याबरोबर तोही हसायचा.

पोरावर मात्र त्याचा फार जीव. गहिनीनाथ एन.सी.सी.त गेला तेव्हा त्याचे बूट यानंच चमकवून दिले होते, बोटाला फडकं गुंडाळून, बारीक बारीक गोल फिरवत. मुलाखतीच्या वेळी एका साहेबानं त्या बुटांची चौकशी केली होती. हे घरी सांगताना पोराच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

दुपारी श्रीमंत, गावचा पोलीस पाटील, आला.

"पोराच्या चौकशीचा कागद आलाय," बसता बसता तो म्हणाला. "भ्यायचं काम न्हाई. पोरगं चांगलं हाय असं मी लिवनारच. फकस्त तुमचं मूळ गाव सांगा, पाव्हनं. तिथंबी मानूस जाईल इचारायला."

"माझं कशाला? भरती व्हनार त्यो."

"आता घ्या! गहिनीनाथ आसाराम ढगे. मधलं नाव कुनाचं हाय? बाप पक्का तर पोरगं पक्कं."

आसारामने विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "उद्या सांगतो," म्हणाला.

श्रीमंत चहा पिऊन गेला आणि इतका वेळ राग दाबून धरलेला गहिनीनाथ फुटला.

"तुमी सांगनार न्हाई. सहीबी करनार न्हाई. तुमाला भ्या वाटतं, दादा! जल्मभर भीत आलात, आता मलाबी तेच शिकवा."

"गहिनी!" गोजरबाई ओरडली. "बापाला बोलतो व्हय रं?"

"बोलू दे त्याला," आसाराम म्हणाला. "खोटं कुठं बोलतोय?"

पण त्याला फार लागलं होतं. संध्याकाळी तो जेवला नाही. गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला. पोरालाही मग वाईट वाटलं. पण बापाची माफी मागायची कशी, हे त्याला सुचेना.

सकाळी उजाडायच्या आत आसाराम अंघोळ करून, दाढी करून तयार होता. अंगावर लग्नाकार्याचं धोतर, डोक्याला धुतलेली टोपी.

"आण तो कागद," तो म्हणाला. "नगरला जातो. कॅम्पात मोठा सायेब असंल, त्याच्याम्होरंच सही करतो."

"नगरला?" गोजरबाईला हसू फुटलं. "आन् पाणी?"

"पीत न्हाई तिथलं."

गहिनीनाथ पाया पडला. "दादा, मी येऊ का संगं?"

"नगं. पाटलाला सांग, मूळ गाव मी तिकडंच लिवून देतो." त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला. "तिथं लई तरास देतील. घर आठवंल. पन अर्ध्यातनं माघारी येऊ नको."

"न्हाई येनार."

गोजरबाईनं भाकरी बांधून दिली. एस.टी. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मायलेक बघत होते. दोघांचंही तोंड हसरं होतं.

दहाच्या सुमारास आसाराम नगरच्या लष्करी कॅम्पाच्या फाटकापाशी पोचला. फाटकावरचा हवालदार साताऱ्याकडचा होता आणि बोलायलाही बरा होता. त्यानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"झ्याक की, मामा! पोरगं सायेब हुनार तुमचं. पर ह्यो कागद हितं न्हाई द्यायचा. सही करा आन् टपालानं धाडा."

"पोराचं मागनं बघू. आदी माझं काम हाय."

"तुमचं आन् काय काम?"

आसारामने भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं. टोपी सरळ केली, टाचा जुळवल्या.

"शिपाई भीमा केरू गाडेकर, सायेब. चव्वेचाळीस साली धा दिसांच्या रजेवर गेल्तो. हजर व्हायला सत्तावीस वर्सं उशीर झाला."