काचेतला पाट

पाट

"अण्णा, दम धर जरा. सोडतोच हाय पाणी," वरच्या बागेतून झिलू म्हणाला.

खालच्या बागेत लखू फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला.

गुंदच्या ओढ्यावरून येणारा पाट आधी झिलूच्या पोफळींत शिरायचा. त्यांचं झालं की खाली लखूकडे. वाटणीच्या वेळी देवळात कौल लावला होता. मूर्तीला चिकटवलेल्या फुलांतलं उजवीकडचं आधी पडलं आणि वरची बाग धाकट्या भावाला गेली. त्याला अकरा वर्षं झाली.

"अकरा वर्सं भावाचं उष्टं पाणी," लखू बायकोला म्हणायचा.

"देवाचा कौल त्यो. त्यात भावजीचं काय चुकलं?" फुला विचारायची.

आईबाप गेले तेव्हा झिलू सहा वर्षांचा होता. त्याला पोफळीवर चढायला लखूनं शिकवलं. पायातल्या फासाला गाठ मारायलाही त्यानंच शिकवलं. झिलू डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ कायम उलटी बसायची. "तुझी गाठ देवच सोडवणार," म्हणून लखू हसायचा. तेव्हा हसायचा.

यंदा लखूच्या झावळ्या पिवळ्या पडल्या होत्या. झिलूच्या हिरव्यागार.

बाटली

फेब्रुवारीत शेतकी खात्याच्या शकुंतलाबाई जीपमधून आल्या. पोफळीच्या रोगाची तपासणी करायला. ज्या बागेत रोग सापडेल ती मुळासकट तोडून जाळायची, असं गावानं बैठकीत आधीच ठरवलं होतं. नाहीतर शेजारची बागही गेली असती.

बाईंनी तळहातावर एक काच धरली. आगपेटीएवढी. तिच्या पोटात केसाहून बारीक रेघा.

"ह्ये पाटच की," झिलू म्हणाला.

"पाटच. रसाचा थेंब या खळग्यात सोडायचा, मग तो पाटानं चालत जातो. जंतूच्या आत एक धागा असतो, त्याच्या जातीची खूण. तो धागा रसात असला तर काच उजळते. आणि किती आहे तेही यंत्र मोजून सांगतं."

"वरच्याला आधी आन् खालच्याला मागनं?" लखूनं विचारलं.

बाई हसल्या. "दोघांना दोन पाट. एकदमच."

लखूला हे फार आवडलं. कौलापेक्षा बरं.

दोन्ही बागांतून कोवळ्या झावळीच्या बुडाचे तुकडे घेतले. बाटलीत गेल्यावर दोन्ही सारखेच पांढरे. बर्फाच्या डब्यात शाई टिकत नाही म्हणून बाईंनी दोरे दिले. ज्यानं त्यानं आपल्या बाटलीला बांधायचे. लखूचा लाल, झिलूचा पांढरा.

"उलटीच बांधलीस न्हवं?" लखू म्हणाला.

"बांधली न्हवं? बास की," झिलू म्हणाला.

डबा

शाळेपर्यंत डबा लखूनं उचलला. बाई पुढे, झिलू त्यांना वाट दाखवत.

बांबूच्या बेटाआड लखू थांबला.

डबा उघडला. लाल सोडला. पांढरा सोडला. लाल झिलूच्या बाटलीला. पांढरा आपल्या. बर्फानं बोटं बधिर झाली होती, तरी गाठी घट्ट मारल्या.

वरची बाग जळताना त्याला दिसली. मग पाट सरळ खाली येणार. मध्ये कुणी नाही.

"अण्णा, जड झालं काय?" पुढून हाक आली.

"न्हाई. पायात काटा गेला."

शाळेच्या पडवीत फुला जेवण घेऊन आली होती. बाई डब्याकडे पाहत घुटमळल्या.

"तुम्ही जेवून घ्या, बाई. अण्णा, तूबी जेव. मी बसतो डब्यापाशी. सकाळी माझं पोटभर झालंय," झिलू म्हणाला.

लखू पडवीत जेवायला बसला. त्यानं दोनदा भात मागून घेतला.

"आज भूक परतली वाटतं," फुला म्हणाली.

"वाढ गप."

काच

बाईंनी तुकडे वाटले, रस काढला, गाळला. काचेखाली ऊब देणारी पट्टी ठेवली आणि जीपच्या बॅटरीला वायर जोडली. लाल दोऱ्याची बाटली त्यांनी उजेडात धरली तेव्हा लखूला दिसलं, गाठ उलटी बसली होती. घाईत झालं असणार. बर्फानं बोटं कुठं हलत होती?

दोन खळगे, दोन थेंब.

लखू पांढऱ्या दोऱ्याच्या पाटाकडे पाहत राहिला. तो उजळायला हवा होता. तो काळाच राहिला.

"पांढरा," बाई म्हणाल्या, "काही नाही. स्वच्छ आहे."

मग यंत्रावरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला.

"लाल. आहे. बराच आहे. वाईट वाटतं, लखूभाऊ. पण वेळेवर कळलं, वरची बाग वाचेल."

लखूनं दोन्ही दोऱ्यांकडे पाहिलं. दोरे त्यानं स्वतः बदलले होते. या दोन हातांनी. तरी त्या एवढ्याशा काचेनं खरं ते शोधून काढलं. बोलायची सोय नव्हती.

तो उठला आणि बाहेर जाऊन पाटाच्या कडेला बसला. पाणी वरून येत होतं, नेहमीसारखं.

मागून झिलू आला, जवळ बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं मागं वळून बघितलं, बाई ऐकत नाहीत ना.

"अण्णा, कुणाला सांगू नगंस. तुम्ही जेवत व्हता तवा मी दोरे बदलले. माझा तुझ्या बाटलीला, तुझा माझ्या. तुझ्या झावळ्या पिवळ्या. म्हटलं, जळली तर माझी जळंल, तू मला वाढवलंस." त्यानं नाक पुसलं. "पर त्या काचेला काय फसवता आलं न्हाई बघ."