समेचं घड्याळ

आता गाणं ऐकायला येणारा प्रत्येकजण मनगटावर समेचं घड्याळ बांधून यायचा. तबल्याच्या ठेक्यावरून ते हिशेब करायचं आणि नेमकी सम आली की मनगटाला टिचकी मारायचं. गायकही तेव्हाच समेवर आला तर लोक 'वा!' म्हणत. तो चुकला तर सभागृहात खसखस पिके. पूर्वी अशी चूक चार जाणकारांना कळायची आणि ते मान खाली घालून गप्प बसायचे. गेल्याच महिन्यात एक म्हातारे गवई त्या हसण्यामुळे मैफल अर्धी टाकून उठून गेले होते.

आज मिरजेत शारदाबाई गात होत्या. तान लांबत गेली आणि तबल्यावरच्या उद्धवरावांच्या लक्षात आलं, की बाईंचा हिशेब सुटलाय. समेवर यायला त्यांना उशीर होणार होता.

लय पाडायची नाही, हे उद्धवराव लहानपणी हातावर छड्या खाऊन शिकले होते. तरी त्यांनी ती पाडली. शेवटच्या मात्रा त्यांनी इतक्या अलगद सैल सोडल्या, की घड्याळांनी निमूटपणे आपला हिशेब बदलला. बाई समेवर आल्या आणि त्याच क्षणी सगळ्या मनगटांना टिचकी बसली.

'वा!' सभागृह म्हणालं.

मैफल संपल्यावर तंबोऱ्याला गवसणी घालता घालता बाईंनी हळूच विचारलं, "उद्धवा, मी चुकले होते ना रे? मग घड्याळांना कसं कळलं नाही?"

"घड्याळं माझं ऐकतात, बाई," उद्धवराव म्हणाले. "मी तुमचं ऐकतो."