पवारांत पवार

"पवारांची पोर पवारांच्याच घरात? नाय जमायचं." बुधाआजानं चहाची बशी खाली ठेवली. "एका कुळाची माणसं आपण. भाऊबहीण लागतात ती."

सुरगाण्याहून जीपमध्ये हिंदकळत आलेलं म्हातारं अंग, वर गरगरणारा पंखा आणि पेठ रोडवरची पेंगुळलेली दुपार. शेजारी नातू महेश मान खाली घालून बसला होता. पोरगं कित्येक दिवसांनी हसायला लागलं होतं, ते या प्रतिभामुळं. आजाला ते दिसत होतं, म्हणून तर जीव तुटत होता.

"पवार काय एक आहेत का, काका?" यजमान गोटीराम पवार हळू आवाजात म्हणाले. "धारला राज्य केलं तेही पवार. कुणी म्हणतं, मूळ नाव परमार, म्हणजे शत्रूला मारणारा. मराठ्यांत पवार, बौद्धांत पवार, बंजाऱ्यांत पवार. कोण पैलवान, कोण पुढारी, कोण मास्तर. सगळे का एका रक्ताचे?"

आजाचे डोळे जड झाले. त्याला वाटलं, घाटातून पवारच पवार उतरताहेत. कुणी घोड्यावर, कुणी लाल दिव्याच्या गाडीत, कुणी डोक्यावर नागलीच्या कणसांचं गाठोडं घेऊन. सगळे त्याच्याकडं बघून ओळखीचं हसत होते. फार बरं वाटलं त्याला.

"आजोबा, अजून घोटभर देऊ?" प्रतिभानं विचारलं आणि सगळे पवार पांगले.

"पोर गुणाची हाय हो," आजा कळवळून म्हणाला. "पण ते राजे-पुढारी राहू द्या. तुम्ही पेठकडचे, आम्ही सुरगाण्याचे. आपलं कुळ एक, देव एक. मी होय म्हणलो तर गावात तोंड दाखवायची सोय नाय."

"आजा, तू यांनाच नीट विचार ना," महेश कसाबसा बोलला. "मी सांगणं बरं नाही."

"आता काय इचारू? आडनाव तर समोर हाय!"

 प्रतिभा गोटीरामांजवळ येऊन उभी राहिली.

"राहू द्या, बाबा. नका त्रास करून घेऊ."

"नाही गं. माझ्यापायी तुझं अडायला नको." त्यांनी डोळे पुसले. "काका, हिचे वडील गावित. पवार केलं ते आमच्या राकेशनं, लग्न करून. तो देवाघरी गेला, ही राहिली. लेक म्हणायची इतकी सवय झाली, की सून म्हणायला जीभच रेटेना."