झेपेल तेवढंच

पालकसभेत शर्वरीच्या प्रगतिपुस्तकावर या वेळी पहिल्यांदाच तिच्या बापाने, हरिदासने, अंगठा टेकवला. एरवी तो ट्रकवर असायचा आणि आईच, वैजयंताच, यायची. अंगठा टेकला की पुस्तक बोलायला लागायचं. वाचता न येणाऱ्या वैजयंताला त्याचा केवढा आधार! "मुलगी छान शिकतेय, ताई," हे ऐकून गेल्या वर्षी तिने गल्लीभर पेढे वाटले होते.

"शर्वरी चौथीत आली, पण तिला एक ओळ सलग वाचता येत नाही," पुस्तक हरिदासला म्हणालं. "दुसरीपासून हेच चाललंय."

या वेळी सोबत आलेल्या वैजयंताच्या पायाखालची जमीन सरकली. "मग मला दोन वर्षं काय सांगत होतं मेलं?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "ते अंगठ्यातून नाडी बघतं, वहिनी. ज्याला जेवढं झेपेल तेवढंच सांगतं."

"आणि तुम्हाला तोंड नव्हतं, गुरुजी? शिकवणी लावली असती की मी पोरीला!"

शर्वरी मान खाली घालून उभी होती. वैजयंताने पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला.

"आता खरं सांग."

"मुलगी छान शिकतेय, ताई," पुस्तक म्हणालं.